कोणाचो रे तू?

पियानो जागचा हलवायचा नसतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलंही असेल, पण त्या सकाळी मी इतक्या सूचना ऐकल्या होत्या की त्यातल्या निम्म्या डोक्यावरून गेल्या. रंगमंचाच्या डाव्या कोपऱ्यातला उभा, काळपट तपकिरी पियानो मला वाटेत आल्यासारखा वाटला. मी आणि जालंधरचा एक मुलगा, दोघांनी मिळून तो पाच-सहा फूट सरकवला आणि भिंतीला लावून नीट उभा केला. हॉल थंडगार होता म्हणून हीटरही चालू केला. पियानोच्या मागे त्याच हीटरची जाळी आहे, हे दुपारी तीन वाजता कळलं.

पण हे मधूनच झालं. सुरुवातीपासून सांगतो.

मी कुडाळजवळच्या एका गावचा. २०२३ च्या सप्टेंबरात शिकायला कॅनडात आलो, केप ब्रेटन बेटावरच्या सिडनीत. (गावातल्या अर्ध्या लोकांना मी अजून ऑस्ट्रेलियात आहे असंच वाटतं. आता मीही दुरुस्त करायचं सोडून दिलंय.) पहिलं वर्ष कॉलेज, बस, खोली आणि पार्टटाइम नोकरीच्या शोधात गेलं. तेव्हा सगळे एकच सांगायचे, रिझ्युमेवर काहीतरी ‘कॅनेडियन एक्स्पिरियन्स’ दिसला पाहिजे. म्हणून २०२४ च्या उन्हाळ्यात मी सेल्टिक कलर्स महोत्सवाचा स्वयंसेवकाचा फॉर्म भरला. संगीताची ओढ वगैरे काही नव्हती. रिझ्युमेत एक ओळ वाढेल आणि दोन वेळचं जेवण मिळेल, एवढाच हिशेब होता.

फॉर्ममध्ये गाडी आहे का, लायसन्स आहे का, असं विचारलं होतं. दोन्हीला नाही. जड सामान उचलता येतं का? येतं. एवढ्या एका ‘येतं’वर मी खुर्च्या, टेबलं आणि पियानो यांच्या खात्यात जमा झालो.

हा महोत्सव १९९७ साली सुरू झाला. दर ऑक्टोबरात नऊ दिवस चालतो, झाडांची पानं लाल-पिवळी होतात नेमका त्याच वेळी, आणि म्हणूनच नावात ‘कलर्स’. पण त्याचं असं एक मैदान नाही. बेटभर विखुरलेल्या गावांत, चर्चमध्ये, अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये, शाळांत कार्यक्रम होतात. एका रात्री लुईसबर्गला, त्याच रात्री पार पलीकडे शेटिकँपला, मध्ये दोनशेहून जास्त किलोमीटर. आपल्याकडे जत्रा जशी एका देवळापुढे भरते तशी ही भरत नाही. ही जत्रा घरोघर फिरते.

माझी नेमणूक एका लहानशा गावाच्या पॅरिश हॉलवर होती. शनिवारी, १२ ऑक्टोबरला कार्यक्रम. त्या दिवशी आपला दसरा. सकाळी सातला व्हॅन न्यायला आली तेव्हा मी रूममेटच्या हातावर मेपलचं पान ठेवलं, सोनं म्हणून. तो नाशिकचा. झोपेतच ‘सोन्यासारखे राहा’ म्हणाला आणि कूस बदलली.

हॉलच्या स्वयंपाकघराच्या कारभारीणबाई पंचाहत्तरीच्या आसपासच्या असतील. मला बघताच त्यांनी पहिला प्रश्न टाकला तो नावाचा नव्हता. ‘बरं, तुझा बाप कोण?’

मी चरकलो. नंतर कळलं, हा या बेटावरचा नेहमीचा प्रश्न आहे, आणि आता तो अर्धा थट्टेतही विचारतात. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून आणि बेटांवरून हजारो गेलिक बोलणारी माणसं इथे येऊन वसली, बरीचशी जमिनीवरून हुसकावलेली. मग एकेका गावात मॅकडॉनल्डच मॅकडॉनल्ड. जॉनही ढीगभर. त्यामुळे माणूस ओळखायचा तो बापाच्या आणि आजोबाच्या नावानं. अमक्याच्या तमक्याचा जॉन. पण मला त्या क्षणी ऐकू आला तो आमच्या तिठ्यावरच्या म्हाताऱ्यांचा आवाज : ‘खंयचो रे तू? कोणाचो झील?’ परक्या मुलखात वर्षभर कोणीच हे विचारलं नव्हतं. इथल्या प्रत्येक फॉर्मवर माझं मधलं नाव, म्हणजे बाबांचं नाव, कधी गळतं, कधी माझंच दुसरं नाव समजून पुढे येतं. आणि ही बाई थेट बापच विचारत होती.

मी थट्टा न कळल्यासारखं पूर्ण उत्तर दिलं. बाबांचं नाव, आजोबांचं नाव, गाव. बाबा वीज मंडळात लाइनमन, आणि संध्याकाळी भजनी मंडळात पखवाज. पखवाज म्हणजे काय, हे सांगायला मी टेबलावर दोन बोटं वाजवून दाखवली. त्या एवढंच म्हणाल्या, ‘म्हणजे ड्रमरचा मुलगा.’ झालं. त्या दिवसापासून हॉलमधल्या कोणालाही माझं नाव सांगावं लागलं नाही.

तर पियानो. दुपारी तीनला पियानोवाल्या बाई आल्या, कोट न काढताच बसल्या आणि एक पट्टी खालून वरपर्यंत वाजवली. मग थांबून वरचे तीन-चार सूर पुन्हा वाजवले. माझ्या कानालाही कळलं, वरच्या बाजूला काहीतरी आंबलं होतं. ट्यूनर आदल्याच दिवशी येऊन गेला होता. मागून येणारी गरम हवा त्या लाकडावर पाच तास बसत होती.

इथे पियानो म्हणजे मागे बसवलेली साथ नव्हे, हे मला तेव्हा समजायला लागलं. केप ब्रेटनच्या वादनात फिडल आणि पियानो ही जोडी असते. (फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, फक्त वाजवायची तऱ्हा निराळी.) ढोल, तबला असं काही नसतं. ताल सगळा पियानोवाल्याच्या डाव्या हातात आणि फिडलवाल्याच्या पायांत. डावा हात खालच्या पट्टीत उड्या मारत चालतो, उजवा मधे मधे ठोके टाकतो. बाबांच्या भाषेत, पखवाज आणि पेटी एकाच माणसाकडे.

मी कबूल केलं, हलवला मीच आणि हीटरही मीच लावला. बाईंनी हीटर बंद करायला लावला, पियानो परत कोपऱ्यात न्यायला सांगितला, पण नंतर जागेवर बसून विचार बदलला. ‘आता राहू दे. पुन्हा हलवलास तर अजून काही होईल. मी वर जाणार नाही, मुलगा माझ्याशी जुळवून घेईल.’ मुलगा म्हणजे फिडलवाला, चांगला चाळिशीचा. त्यानं येऊन पियानोचा ‘ए’ मागितला, चारही तारा त्याला जुळवल्या आणि विषय संपला. पियानोच्या जुन्या जागी लिनोलियममध्ये चाकांचे चार खोल खळगे पडले होते. कितीतरी वर्षं ते धूड तिथेच उभं असणार. बाई त्या खळग्यांकडे बघून हसल्या आणि मला म्हणाल्या, ‘ड्रमरचा मुलगा ना? मग सुरातलं तुला काय कळणार.’ हा टोमणा डबलबारीत, म्हणजे आमच्याकडच्या दोन भजनी बुवांच्या सामन्यात, फिट बसला असता.

साउंडचेक हा प्रकार मी पहिल्यांदाच जवळून बघितला. ध्वनिवाल्यानं फिडलवाल्याच्या खुर्चीपुढे प्लायवूडचा एक चौकोनी तुकडा ठेवायला दिला. साधारण दोन फुटांचा, कडा झिजलेल्या, मधे बुटांचे डाग. त्याच्यावर पाय. वाजवताना दोन्ही टाचा आळीपाळीनं त्या फळीवर आपटतात आणि तो आवाज माइकमधून हॉलभर जातो. मला फळी अर्धा इंच तिरकी ठेवल्याबद्दल दोनदा परत पाठवलं. तिरकी असेल तर हलते, हलली तर खडखडते.

त्या रात्री स्कॉटलंडहून आलेला एक पाइपवाला, म्हणजे बॅगपाइप वाजवणारा, होता. कार्यक्रमाआधी तासभर तो एकटा मागच्या खोलीत. थंडीत पाइपच्या पत्त्या (रीड) बिघडतात, म्हणून तो त्या श्वासानं उबवत बसला होता. मी चहा घेऊन गेलो तेव्हा विचारलं, फिडलबरोबर मोठे पाइप का घेत नाही? त्यानं सांगितलं ते पेटीच्या हिशेबात मांडायचं तर असं : मोठ्या हायलँड पाइपवर कागदावर जो सूर पांढरी सहा म्हणून लिहितात, तो प्रत्यक्षात वाजतो काळी पाचाच्याही थोडा वर. फिडल पांढरी सहाला बसलेली. दोघं एकत्र आले की कान किटतात. म्हणून आत वाजवायला वेगळे, लहान, कोपरानं हवा भरायचे पाइप आणतात. आमच्याकडे बुवा पट्टीवरून पेटीवाल्याशी भांडतात, त्याचाच हा थोरला भाऊ.

सात वाजता दार उघडलं. १८० खुर्च्या, त्यातल्या कितीतरी माणसांना मी तिकीट न बघता ओळखायला हवं होतं, अशा थाटात ती आत येत होती. मी दाराशी. कार्यक्रम सुरू झाल्यावर स्वयंपाकघराच्या चहाच्या खिडकीतून रंगमंचाची अर्धी बाजू दिसत होती. फिडलवाल्याचा उजवा हात आणि फळीवरचे पाय, एवढंच.

सुरुवात संथ. मग स्ट्रॅथस्पे म्हणून एक चाल, लंगडी घालत चालल्यासारखी, तुटक, झटके देणारी. आणि ती रंगात आली असतानाच, न थांबता, एका ठोक्यावर रील. दुगुन म्हणता येणार नाही, पण गजर सुरू झाल्यावर भजनात जे होतं तेच. बसलेली माणसं पुढे सरकली. शेवटच्या रांगेतून कोणीतरी जोरात ओरडलं, ‘ड्राइव्ह अर!’ मला वाटलं ड्रायव्हरला बोलावतायत. मी बाहेर पळालो, व्हॅनवाल्या काकांना उठवलं, चला, आत कोणीतरी हाक मारतंय. काकांनी एक क्षण माझ्याकडे बघितलं आणि हसून हसून स्टीअरिंगवर डोकं टेकलं. ते ओरडणं म्हणजे आपलं ‘क्या बात है’. हाण, अजून हाण, एवढाच अर्थ. ही गोष्ट पुढचे सात दिवस मला प्रत्येक हॉलमध्ये ऐकवण्यात आली.

मध्यंतरात चहा, ओटकेक आणि खारं लोणी. कप धुताना कारभारीणबाईंनी मला १९७१ ची गोष्ट सांगितली. त्या साली सीबीसीनं, म्हणजे कॅनडाच्या सरकारी टीव्हीनं, एक माहितीपट दाखवला, केप ब्रेटनचा फिडलवाला नामशेष होत चालला आहे म्हणून. बेटावरच्या लोकांना ते फार झोंबलं. १९७३ मध्ये ग्लेनडेल गावी, तिथल्या पाद्रीबाबांच्या पुढाकारानं, शंभराहून जास्त फिडलवाले एकाच मंचावर उभे राहिले. ‘आम्ही मेलो म्हणे!’ असं म्हणून त्यांनी कप असा आपटला की तो फुटायचा राहिला. मला वाटतं, टीव्हीवाल्यांनी तसं म्हटलं नसतं तर कदाचित ते खरंच मेले असते. दशावताराबद्दलही दर दहा वर्षांनी कोणीतरी असं लिहितं. तेही कामाचंच म्हणायचं.

आणि त्यांचा देव म्हणजे बडी मॅकमास्टर. ज्युडिकचा माणूस, पोटासाठी रेल्वेत स्टेशन एजंट, बाकी आयुष्य नाचांना फिडल वाजवण्यात. २०१४ मध्ये गेला. त्याची पुतणी नॅटली मॅकमास्टर जगभर वाजवते. पण इथे बायका सांगतात ती बडीच्या नाचांची आठवण, कोणाचं लग्न कोणत्या नाचात ठरलं त्यासकट.

रविवार, सोमवार पार्किंगमध्ये गेले. हातात टॉर्च, अंगावर चकाकणारं जाकीट, पाऊस. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

मंगळवारी मला मिलिंग फ्रॉलिकला पाठवलं. लांब टेबल, दोन्ही बाजूंना बाया-बापे, आणि मधे ओल्या लोकरी कापडाचं मोठं वेटोळं. पूर्वी मागावरून उतरलेलं कापड घट्ट करायला ते ओलं करून तासन् तास आपटावं लागे आणि ते काम गाण्यावर चाले. स्कॉटलंडमध्ये हे बायकांचं काम, इथे पुरुषही बसतात. एकजण गेलिकमधून कडवं म्हणतो, ध्रुवपद सगळ्यांचं, आणि त्यातले निम्मे शब्द ‘हो रो’, ‘हा री’ असे, अर्थ नसलेले. शेजारच्या आजोबांनी सांगितलं, हेब्रिडीज बेटांवर त्या काळी कापड भिजवायला शिळं मूत्र वापरायचे. आता फक्त पाणी. हे त्यांनी मी दहा मिनिटं आपटून झाल्यावर सांगितलं.

खुर्च्या लावून मी उभाच होतो, तर मलाही बसवलं. कापड पुढे घ्यायचं, आपटायचं, मागे घ्यायचं, आपटायचं, आणि हळूहळू ते टेबलाभोवती सरकत राहतं, उजवीकडून, सूर्य फिरतो तसं. उलट फिरवणं अशुभ. म्हणजे प्रदक्षिणा. मी म्हटलं, यात काय, ताल तर आपल्या घरचा. आणि पहिल्याच कडव्याला चुकलो. माझा हात सवयीनं केरव्याच्या अंगानं मधे एक जास्तीची थाप मारत होता. समोरच्या बाईंनी गाणं न थांबवता माझं मनगट धरलं, दोन कडवी धरून ठेवलं, मग सोडलं. तिसऱ्या गाण्याला जमलं. जमलं म्हणजे, कापड आपोआप माझ्याकडे यायला लागलं.

घरी मागच्या पडवीत आमचं जातं पडलेलं आहे. त्यावर आजीला ओवी म्हणताना मी कधी ऐकलं नाही, मिक्सर माझ्याआधी आला होता. इथलंही कापड काही कोणाच्या कोटासाठी नव्हतं. दर वर्षी तेच कापड काढतात, तेच आपटतात, आणि वाळवून ठेवून देतात. मला हे आधी थोडं नाटकी वाटलं. पण सव्वा तास आपटल्यावर खांदे दुखले ते खरेच दुखले.

बुधवारी, १६ तारखेला, कोजागरी. त्या रात्री व्हॅनवाल्या काकांचा मदतनीस म्हणून फेस्टिव्हल क्लबला जायचं होतं. सगळ्या गावांतले कार्यक्रम संपले की वादक रात्री अकराच्या सुमाराला सेंट अॅन्सच्या गेलिक कॉलेजात जमतात आणि तिथे पुन्हा वाजवतात. हे कॉलेज १९३८ सालचं. सिडनीहून जाताना सील आयलंडचा पूल लागतो, मग केलीज माउंटनचा घाट. गाडीत मागच्या सीटवर एक हार्प होती, काकांनी तिला लहान मुलासारखा सीटबेल्ट लावला होता, आणि हार्पवाली मात्र डिकीजवळच्या सामानात पाय दुमडून. घाटात चंद्र वर आला, खाली सेंट अॅन्सचा उपसागर. काका खाणीत काम केलेले. २००१ मध्ये इथली शेवटची सरकारी कोळसा खाण बंद झाली, तेव्हापासून गाडी चालवतात. ते म्हणाले, ‘हरणं बघ, चंद्र नंतर.’

मी थर्मासमध्ये मसाला दूध नेलं होतं. पार्किंगमध्ये बॉनेटवर कागदी कप मांडले. पहिला प्रश्न सगळ्यांचा तोच : यात नट्स आहेत का? आहेत, बदाम, पिस्ते आणि वेलची. चौघांनी घेतलं, एका बासरीवाल्यानं अॅलर्जी म्हणून नुसता वास घेतला. आज दूध पिऊन जागायचं असतं, वरून लक्ष्मी ‘कोण जागं आहे’ म्हणून विचारत फिरते, हे मी सांगितलं, तर हार्पवाली म्हणाली, ‘मग तिनं इथेच यायला हवं, आम्ही नऊ रात्री झोपत नाही.’

आत जे चाललं होतं त्याला कार्यक्रमपत्रिका नव्हती. एक आयरिश, दोन ब्रेटन (म्हणजे फ्रान्समधल्या ब्रिटनीचे), बाकी बेटावरचे. कोणीतरी चाल सुरू करायचं, दुसऱ्या आवर्तनात बाकीचे पकडायचे. मिगमॉ लोकांमधला एक तरुण फिडल घेऊन आला. हे बेट मुळात त्यांचं, त्यांच्या भाषेत उनामागी. त्यांच्यातही फिडलची जुनी परंपरा आहे, ली क्रेमोसारखा नावाजलेला वादक त्यांच्यातलाच. हा तरुण आला तसं दोन पिकल्या केसांचे वादक उठून मागे सरकले आणि त्याला पियानोशेजारची खुर्ची दिली. कोणी काही बोललं नाही. आमच्याकडे बुवा आले की पेटीपुढची जागा अशीच रिकामी होते.

रात्री एकला बाहेर येऊन बाबांना फोन लावला. तिकडे सकाळचे साडेनऊ.

‘काय रे, पैसे किती गावले?’

‘पैसे नाय, फुकट करतंय.’

‘मगे थंय पखवाज आसा काय?’

‘नाय. पायांनी वाजयतत.’

बाबा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, ‘पायांनी? मगे हात कित्याक?’ मी फोन खिडकीशी धरला. आतून रील येत होती. मिनिटभर धरून ठेवला आणि परत कानाला लावला तेव्हा पलीकडून बोटांचा आवाज येत होता, टेबलावर की ताटावर कळलं नाही, पण सम बरोबर.

शुक्रवारी, १८ तारखेला, आमच्या हॉलवर गावजेवण आणि नाच होता. महोत्सवाचा अजून एक दिवस बाकी असला तरी आमच्या हॉलपुरतं तेच शेवटचं. चाउडर म्हणजे दाट सूप, ब्रेड, आणि पाय (खायचा). दहाला चौकोनात आठ-आठ माणसं उभी राहून नाचायला लागली आणि मला कोणी विचारलंही नाही, ओढलंच. त्यात मी काय केलं ते न सांगितलेलं बरं.

साडेबाराला आवराआवर. पियानो जुन्या कोपऱ्यात न्यायचं काम मी स्वतःहून मागून घेतलं. आता चौघं होतो आणि एकजण ओरडून दिशा सांगत होता. तीन चाकं खळग्यात बसली, चौथं बसेना. पियानोवाल्या बाईंनी येऊन कमरेनं एक धक्का दिला आणि ते बसलं. मग खुर्च्या मोजल्या. १७९ भरल्या. तीनदा मोजल्या.

निघताना कारभारीणबाईंनी ओटकेकचा डबा हातात दिला. झाकणावर चिकटपट्टी, तिच्यावर मार्करनं नाव लिहायला घेतलेलं. पहिली तीन अक्षरं काढून ती खोडली होती, आणि खाली ठळक अक्षरांत : ‘ड्रमरचा मुलगा’. डबा परत हवा आहे, म्हणाल्या.